गाडी कुठली आहे तुमची? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुम्ही सायकल चालवता का, चालवत असाल तर लोक काय म्हणतात, आणि गाडी घेतली असेल तर नेमकी कशासाठी घेतली. पत्रं आणि मेल इतके आले की सगळे छापणं शक्य नाही. कुठली सायकल घ्यावी असं विचारणारे थोडेच निघाले, बाकी सगळ्यांना छळणारा प्रश्न एकच, चारचौघांत कसं दिसतं. म्हणून तीच पत्रं आधी घेतलीयत. नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी २९ वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, पगार चांगला आहे. ऑफिस घरापासून सहा किलोमीटर, सायकलने जातो कारण त्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी हलतच नाही. सध्या स्थळं बघणं चालू आहे. मुलीकडचे पोहे हातात येईपर्यंत विचारतातच, गाडी कुठली? सायकल म्हटलं की चेहरे पडतात. एका ठिकाणाहून मध्यस्थांकडून निरोप आला की मुलगा बरा आहे पण फारच साधा वाटतो. आई म्हणते हप्त्यावर एखादी गाडी घेऊन टाक, लग्न झालं की विकून टाकू. काय करू? (एक वाचक, औंध)

उत्तर : गाडीची गरज असेल तर जरूर घे, पण लग्न जमवायला म्हणून घेऊ नकोस रे बाबा. हप्ते पाच-सात वर्षं चालतात, आणि लग्नानंतर विकलीस तर सासरे विचारणारच की गाडी कुठे गेली, तेव्हा काय सांगशील?

आता त्या चेहरे पडण्याबद्दल. तुझ्या आजोबांच्या वेळची लग्नं आठवायला सांग घरातल्या मोठ्यांना. जावयाला सायकल, मनगटी घड्याळ आणि रेडिओ, हे तेव्हाचं मानाचं देणं होतं, सायकल मिळाली नाही म्हणून रुसलेल्या जावयांच्या गोष्टी घरोघरी आहेत. (हुंडा तेव्हाही वाईटच होता, आताही वाईटच आहे, मी फक्त मान कशाला होता ते सांगतेय.) चीनमध्ये तर १९७० च्या दशकात लग्नाच्या मुलाकडे काय असावं याची यादीच ठरलेली होती, तीन फिरणाऱ्या वस्तू आणि एक वाजणारी, म्हणजे सायकल, घड्याळ, शिलाई मशीन आणि रेडिओ. सायकलला कूपन लागायचं, नुसते पैसे असून भागायचं नाही. तिआनजिनची फ्लाइंग पिजन, शांघायची फिनिक्स नाहीतर फॉरेव्हर दारात उभी असणं म्हणजे घर सुस्थितीत आहे असं धरलं जायचं. १९८९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष बुश बीजिंगला गेले तेव्हा चीनच्या पंतप्रधानांनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला फ्लाइंग पिजन सायकली भेट दिल्या होत्या. पाहुण्या राष्ट्राध्यक्षाला द्यावी इतकी ती अभिमानाची वस्तू होती.

आणि त्याच देशात २०१० साली टीव्हीवरच्या लग्न जुळवायच्या कार्यक्रमात एका मुलाने एका तरुणीला विचारलं की माझ्या सायकलवर बसून फिरायला येशील का, तर ती म्हणाली की त्यापेक्षा मी बीएमडब्ल्यूत बसून रडेन. देशभर गदारोळ झाला, सरकारने अशा कार्यक्रमांचे नियम कडक केले. पण ती मुलगी एकटी काही वेगळं बोलत नव्हती, तिच्या आजूबाजूचे लाखो आईबाप तेच मनात म्हणत होते. म्हणजे बघ, भेटवस्तूपासून थट्टेपर्यंत यायला सायकलला जेमतेम वीस वर्षं लागली. सायकल तीच होती, मधल्या काळात रस्ते कोणासाठी बांधले आणि पैसा कुठे दिसायला लागला एवढं बदललं. हे एकदा डोक्यात नीट बसलं की समोरच्याचा चेहरा पडला तरी आपल्याला लागत नाही.

तरी मुलीच्या वडिलांवर रागावू नकोस. गाडी कुठली असं विचारताना त्यांना बऱ्याचदा एवढंच हवं असतं की रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर माझी मुलगी कशाने जाणार. त्याचं उत्तर आपणहून दे. ऑफिस जवळ आहे म्हणून सायकल, बाकी रिक्षा-कॅब आहे, महिन्याला एवढे पैसे बाजूला पडतात आणि ते अमुक ठिकाणी गुंतवतो, असं आकड्यांत सांग. आणि मुलीशी वेगळं बोल. तिचं ऑफिस लांब असेल, शिफ्ट असेल, तिला गाडी हवी असेल तर ती तिची खरी गरज आहे, तिथे सायकलचा हट्ट धरू नकोस. पण जिला नुसती पार्किंगमध्ये उभी दिसायला गाडी हवी आहे तिच्याशी तुझं पुढे बाकीच्या गोष्टींतही जमणं अवघड, ते आत्ताच कळलेलं बरं.

प्रश्न : ताई, आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. सांगलीहून सासू-सासरे दोन महिन्यांसाठी आलेत. मी मुलाला पुढच्या सीटवर आणि मुलीला मागे बसवून सायकलने पाळणाघरात सोडते, येताना भाजी आणते. सासूबाईंना हे बघवत नाही. एवढ्या लांब जपानात येऊन सुनेला दोन पोरं घेऊन सायकल मारावी लागते, मुलाची नोकरी नीट चाललीये ना, असं त्या गावाकडे फोनवर बोलताना मी ऐकलं. कसं समजावू? (एक वाचक, टोकियो)

उत्तर : सासूबाईंना एक दिवस सकाळी साडेआठला तुमच्या पाळणाघराच्या दारात उभं करा. बोलायची गरजच पडणार नाही. डॉक्टर बाई, बँकेतल्या बाई, मोठ्या कंपनीतल्या साहेबाची बायको, सगळ्या त्याच मामाचारीवरून पोरांना उतरवताना दिसतील. मामाचारी म्हणजे आईची सायकल. इतर वाचकांसाठी सांगते, दोन पोरं नेणाऱ्या या सायकलीला बहुतेक वेळा बॅटरी असते, पेडल मारलं की मोटर हातभार लावते, बूड जड असतं म्हणजे पोरं चढताना-उतरताना कलंडत नाही, पुढे-मागे पट्ट्यांच्या खुर्च्या असतात, आणि किंमत दीड लाख येनच्या घरात जाते. ही काही गरिबीची वस्तू नाही.

आणि ही सोय आयांनी भांडून मिळवलेली आहे, हे सासूबाईंना नक्की सांगा, त्यांना आवडेल. २००८ च्या सुमारास जपानी पोलिसांनी सायकलवर दोन मुलं बसवण्यावर कडक बंदी आणायचं मनावर घेतलं. आयांनी आवाज उठवला, की मग एकाला घरी ठेवून दुसऱ्याला सोडायचं का? शेवटी असं ठरलं की दोन मुलांचं वजन पेलेल अशी मजबूत सायकल कंपन्यांनी बनवायची, आणि २००९ पासून तशा सायकलवर दोन लहान मुलं नेण्याला परवानगी मिळाली. बंदीऐवजी चांगली सायकल! आपल्याकडे पुण्यात पूर्वी डबलसीट पकडायला पोलीस कोपऱ्यावर उभे असायचे, तेव्हा कोणाला हे सुचलं असतं तर किती बरं झालं असतं.

सासऱ्यांना गाडीचं गणित दाखवा. जपानात गाडी घ्यायची तर आधी ती उभी करायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो, ती जागासुद्धा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. हा कायदा १९६२ चा आहे. रात्री रस्त्यावर गाडी लावून झोपायला जाता येत नाही, त्यामुळे जागा महिन्याच्या भाड्याने घ्यावी लागते आणि टोकियोत ते भाडं साधारण वीस हजार येनच्या पुढे-मागे, कुठे त्याहून बरंच जास्त. मला यातली खरी गंमत ही वाटते की टोकियोत सायकलसाठी वेगळे ट्रॅक म्हणाल तर फार नाहीत. पण गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्याच नसतात, म्हणून अरुंद गल्लीसुद्धा मोकळी राहते, गाड्या हळू चालतात आणि दोन पोरं घेऊन बाई निवांत जाऊ शकते. कोथरूड, डोंबिवली, नाशिक, कुठलीही गल्ली डोळ्यांसमोर आणा आणि दोन्हीकडच्या उभ्या गाड्या मनातल्या मनात काढून टाका, रस्ता एकदम केवढा दिसतो!

अजून एक, तुमच्या शेजारच्याच कासाई स्टेशनखाली सायकलींचं यांत्रिक पार्किंग आहे ना, २००८ सालचं, तिथे सासू-सासऱ्यांना घेऊन जा. सायकल पट्टीवर ठेवायची, दार उघडतं, मशीन ती आत ओढून जमिनीखाली नेतं, आणि परत मागितली की अर्ध्या मिनिटाच्या आत तुमचीच सायकल समोर हजर. सगळं मिळून ९,४०० सायकलींची सोय आहे तिथे. एवढा पैसा आणि डोकं सायकलीसाठी खर्च झालेलं बघितलं की त्यांना कळेल तिकडे सायकलवाल्याला काय किंमत आहे. तुमच्याच एदोगावा वॉर्डात २०१९ साली आपले मराठी योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते हेही सांगा, म्हणजे सून कुठल्या वस्तीत राहते याची काळजी मिटेल. हेल्मेट मात्र तिघांनीही घाला.

प्रश्न : माझा पुतण्या सिंगापूरला मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे असं म्हणतो, पण आठ वर्षं झाली तरी गाडी नाही, मेट्रोने जातो. काही लपवत तर नसेल ना? (एक काका, ठाणे)

उत्तर : काका, काही लपवत नाहीये, निश्चिंत राहा. सिंगापुरात १९९० पासून गाडी घ्यायची तर आधी परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा लिलाव होतो. किती परवाने द्यायचे ते सरकार ठरवतं, बोली लावायची, आणि मिळालेला परवाना फक्त १० वर्षं चालतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या गाडीचा परवाना दीड लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने ९० लाख रुपयांच्या आसपास, आणि यात गाडीची किंमत धरलेलीच नाही! मॅनेजरने मेट्रोने जाणं तिथे अगदी रोजचं आहे.

पण यावरून असं समजू नका की तिकडे गाडीचा रुबाब संपला. तिथे सुखी माणसाची पाच 'सी' वाली यादी प्रसिद्ध आहे, कॅश, कार, क्रेडिट कार्ड, काँडोमिनियम आणि कंट्री क्लब. गाडी महाग केल्याने ती आणखीच मिरवायची वस्तू झाली, फरक एवढाच की जो मिरवत नाही त्याची गैरसोय होत नाही. स्टेशन जवळ, बस वेळेवर, झाडांखालून चालायला आणि सायकलला जोडरस्ते. नुसता कर वाढवून बस सुधारली नाही तर लोकांचे हालच होतील, ते आपल्याकडे कोणी करू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीत कमिटीने फतवा काढलाय की आवारात सायकली लावायच्या नाहीत, दिसायला वाईट दिसतं. घरकामाच्या मावश्या, वॉचमन, दूधवाला यांच्या सायकली गेटबाहेर. मी पण सायकल चालवते, माझी चढवून तिसऱ्या मजल्यावर नेते. बोलले तर म्हणतात मॅडम तुमची ठेवा, तुमची चांगली आहे, त्यांच्यामुळे प्रॉब्लेम आहे. (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर : तुमची चांगली आहे, हे जे वाक्य आहे ना, त्यातच सगळं आलं. चाळीस हजारांची सायकल, हेल्मेट, घट्ट जर्सी, ती फिटनेस. आणि काळी जुनी सायकल, हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरला सुतळी, ती मात्र आवाराची शोभा घालवते. दोघंही रस्त्याचा तेवढाच भाग वापरतात, दोघांनाही मागून येणाऱ्या ट्रकची तेवढीच भीती वाटते.

मला या प्रश्नाचा खरंच राग येतो म्हणून जरा लांब लिहिते. आपण सायकलवर बोलायला लागलो की डोळ्यांसमोर रविवारी सकाळी सिंहगडाकडे जाणारा ग्रुप येतो. त्यांच्याबद्दल मला आनंदच आहे. पण या देशातली बहुतेक सायकल कामाला जाणारी आहे. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरची कामं करणारे कामाला कसे जातात ते विचारलं होतं. सायकलने जाणारे साधारण १३ टक्के निघाले, आणि कार-जीपने जाणारे ३ टक्क्यांच्याही आत. म्हणजे शहरात सायकलचा रस्ता मागताना आपण हौशी लोकांचे लाड मागत नसतो, गवंडी, सुरक्षारक्षक, हॉटेलात भांडी घासणारी पोरं, पेपर टाकणारे, यांचा जीव वाचवा म्हणत असतो. आणि यांना कोणी विचारतच नाही. २०१३ मध्ये कोलकात्यात शंभराहून जास्त रस्त्यांवर सायकलला बंदी घातली होती, वाहतूक अडते म्हणून. त्या सायकलींवर मासे, दूध, भाजी, गॅसची टाकी जायची, त्या माणसांचं पोट त्यावर होतं. मोटारींवर तशी बंदी घालायचं कोणाच्या मनात तरी आलं असेल का?

तुम्ही असं करा. सर्वसाधारण सभेत विषय लेखी द्या, तोंडी नको. एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज बसतात हे खडूने आखून दाखवा, लोकांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. वर एक पत्रा, खाली लोखंडी पाइपचा स्टँड, ज्याला साखळी लावता येईल, कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे होतं, खर्च सभासदांत वाटला तर एका वेळच्या हॉटेलच्या बिलाइतकाही येणार नाही. आणि तुमची सायकल तिसऱ्या मजल्यावर नेणं बंद करा, त्याच स्टँडला मावशींच्या शेजारी लावा. तुमची तिथे लागली की ती जागा 'त्यांची' राहत नाही, यापेक्षा मोठा युक्तिवाद मला तरी सुचत नाही.

प्रश्न : मॅडम, तुमचं सदर वाचतो म्हणून स्पष्ट लिहितो. आजकाल गाडीवाल्याला शिव्या देणं ही फॅशन झालीये. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, आयुष्यभर सायकलवर गेले, पावसात, उन्हात. मी शिकलो, नोकरी लागली, आणि आमच्या अख्ख्या वस्तीत पहिली चारचाकी मी आणली, सेकंडहँड होती. आईने नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, वस्तीतली सगळी पोरं बसून एक-एक चक्कर मारून आली. वडील मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते, काही बोलले नाहीत. आता तुम्ही म्हणणार पर्यावरण, ट्रॅफिक. ज्यांच्या तीन पिढ्या गाडीत फिरल्या ते आता सायकल घेऊन आम्हाला शिकवणार का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दादा, तुमचं पत्र आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचलं. तुम्ही घेतलेल्या गाडीबद्दल मला तुमच्याइतकाच आनंद आहे, आणि त्याबद्दल कोणीही तुम्हाला एक शब्द बोलू नये असं मला वाटतं. या देशात नवरदेव घोड्यावर बसला म्हणून मारहाण झालेली आहे, कित्येक गावांत काही वस्त्यांमधल्या माणसांना वरच्यांच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरून चालावं लागायचं. जिथे सायकलवर बसून राहणं हीसुद्धा हिंमत होती, तिथे पहिली चारचाकी दारात येणं म्हणजे काय ते ज्याला कळत नाही त्याने या विषयावर बोलूच नये.

तुम्हाला नॅनो आठवत असेल. २००८ च्या जानेवारीत दिल्लीत दाखवली, एक लाखाची गाडी. भर पावसात एका स्कूटरवर चाललेलं चार माणसांचं कुटुंब बघून ती सुचली असं रतन टाटा सांगायचे. कल्पना किती मायेची होती! पण जगातली सगळ्यात स्वस्त गाडी असा तिचा बोलबाला झाला आणि स्कूटरवाल्या कुटुंबांनीच तिच्याकडे पाठ फिरवली, २०१८ मध्ये बनणं बंद झालं. लोक त्यावर हसतात, मला हसू येत नाही. आयुष्यभर स्वस्तातलं वापरलेल्या माणसाला पहिल्यांदा काही घेताना त्यावर 'गरिबासाठी' असा शिक्का नको होता. तुम्ही नवी नॅनो न घेता सेकंडहँड का होईना पण दुसरी गाडी घेतलीत, त्यामागे हेच होतं की नाही तुम्हीच सांगा.

आता मी माझं म्हणते, ऐकून घ्या. गाडी घेणं वेगळं आणि रस्ता फक्त गाडीसाठी असणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये देशातल्या शंभरातल्या जेमतेम आठ घरांत चारचाकी सापडली, सायकल साधारण निम्म्या घरांत. तरी उड्डाणपूल, रुंदीकरण, सिग्नलची वेळ, सगळं त्या आठ घरांचा विचार करून ठरतं. तुमचे वडील ज्या रस्त्याने ड्युटीला जायचे त्या रस्त्याला तेव्हा कडेला मातीची पट्टी तरी असेल, आज तिथे काय आहे ते बघा. वस्तीतली जी पोरं तुमच्या गाडीत चक्कर मारून आली त्यातली बहुतेक उद्या सायकलनेच शाळेला जाणार आहेत, त्यांना नीट पोचता यावं एवढंच आमचं मागणं आहे. आणि जे तीन पिढ्या गाडीत फिरून आता तुम्हाला उपदेश करतात, त्यांना माझ्याकडून सांगा की आधी आपल्या घरातली दुसरी आणि तिसरी गाडी काढा मग बोलू.

तुम्ही मात्र गाडी चालवा, आईवडिलांना पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट सगळं फिरवा. सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर जागा सोडा, भले मागचा हॉर्न वाजवू दे.

प्रश्न : पुणं हे सायकलींचं शहर होतं म्हणतात, ते परत होईल का? सायकल ट्रॅक झाले, भाड्याच्या ॲपवाल्या सायकली आल्या, सगळं गायब झालं. लोकांनाच नकोय असं नाही का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : लोकांना नकोय असं मला वाटत नाही, लोकांना मरायचं नाहीये. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा असं जुनी माणसं सांगतात, ते लोक काही पर्यावरणप्रेमी म्हणून सायकल चालवत नव्हते. तेव्हा मोटारी कमी होत्या आणि सायकल सगळ्यात सोयीची होती. मग आकुर्डीत स्कूटर बनायला लागली, तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबले, १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती आली, पुढे कर्ज सोपं झालं, आणि २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्याच्याही पुढे गेल्याची बातमी आली.

२००६ नंतर बीआरटीच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकांच्या, जोडीने जे सायकल ट्रॅक झाले ते मी चालवून बघितलेत. मधेच विजेचा डीपी बॉक्स, मधेच झाड, चौक आला की ट्रॅक संपला, म्हणजे जिथे सायकलवाल्याला सगळ्यात जास्त धोका तिथेच त्याला सोडून दिलेलं. वर लाल फरशी, पावसात घसरडी. २०१७ मध्ये शहराचा मोठा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच हिवाळ्यापासून ॲपवाल्या सायकली आल्या, पण आराखड्यातले रस्ते आलेच नाहीत. वर कंपन्यांच्या मागे गुंतवणूकदारांचा पैसा होता तोवर सायकली होत्या, तो आटला तशा त्या गेल्या.

चीनमध्ये हे आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणात झालं. १९८० च्या दशकात बीजिंगमध्ये शंभरातल्या साठेक फेऱ्या सायकलवर व्हायच्या, नंतरच्या तीस वर्षांत ते बारा-पंधरावर आलं. हवा इतकी बिघडली आणि कोंडी इतकी झाली की २०११ पासून गाडीच्या नंबरप्लेटसाठी लॉटरी काढायला लागले. मग ॲपवाल्या सायकलींचा पूर आला, डिपॉझिट बुडालेले लोक २०१८ च्या डिसेंबरमध्ये एका कंपनीच्या दारात थंडीत रांगा लावून उभे होते, पडीक सायकलींचे डोंगर तुम्ही फोटोत बघितले असतील. पण तिथे गोष्ट संपली नाही. बाकी कंपन्यांच्या सायकली चालू राहिल्या, आणि २०१९ मध्ये बीजिंगने हुइलोंगगुआन ते शांगदी असा साडेसहा किलोमीटरचा फक्त सायकलींचा रस्ता बांधला. हुइलोंगगुआन म्हणजे घरांची प्रचंड वस्ती, शांगदी म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्या. मधला रस्ता रोज तुंबायचा. वाकड ते हिंजवडी डोळ्यांसमोर आणा, अगदी तस्संच!

तैपेईचं तर मला फार आवडतं. २००९ मध्ये त्यांनी सार्वजनिक सायकल सुरू केली ती मोजक्या दहा-अकरा स्टेशनांवर, आणि ती चाललीच नाही. तेव्हा तिथेही कोणीतरी म्हणालं असेलच की लोकांनाच नकोय. पण २०१२ पासून मेट्रोच्या दारात आणि गल्लोगल्ली स्टेशनं केली, पहिल्या अर्ध्या तासाला पालिकेने पैसे घातले, आणि लोक बसले सायकलवर. सायकली बनवणाऱ्या जायंट कंपनीचे संस्थापक किंग लिउ यांनी तर २००७ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, स्वतः सायकलवर अख्ख्या तैवानला फेरी मारली होती. आपल्याकडे मोठा उद्योगपती, मंत्री, आयुक्त सायकलवर दिसतो तो ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, हिरवा झेंडा दाखवण्यापुरता.

तेव्हा तुमचं उत्तर, पूर्वीचं पुणं परत येणार नाही. पण वाकड-हिंजवडीसारखा एक रस्ता, घरापासून थेट कामापर्यंत, मधे न तुटणारा, चौकातसुद्धा न सोडणारा, एवढा एक करून बघा म्हणावं पालिकेला. दहा ठिकाणी दोनशे-दोनशे मीटर लाल रंग मारण्यापेक्षा तो एक करा. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा हे एवढंच विचारायचं, कुठून कुठे आणि मधे कुठे तुटतो.

प्रश्न : ऑफिसला जायला सायकल घ्यायचीये, बजेट बारा-पंधरा हजार. दुकानदार जाड टायरची, डिस्क ब्रेक आणि सस्पेन्शनवाली दाखवतोय, दिसायला भारी आहे. घामाचं काय करायचं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ती घेऊ नका. जाड टायर डांबरी रस्त्यावर ओढत न्यावा लागतो आणि या किमतीतलं सस्पेन्शन म्हणजे फक्त वाढीव वजन. पातळ ते मध्यम टायर, मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, घंटी, दोन्ही दिवे आणि भक्कम स्टँड, एवढं बघा. सीट अशी लावून घ्या की पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, आपल्याकडे निम्मे लोक सीट खूप खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सोडून देतात. हवा आठवड्याला एकदा भरा.

घामासाठी पाठीवरची सॅक आधी काढा, ती कॅरिअरला बांधा, निम्मा घाम पाठीचाच असतो. आरामात चालवा, शर्यत नाहीये. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी चालवू नका, सकाळी जाताना सायकल आणि दुपारी यायचं असेल तर ती ऑफिसातच ठेवून बसने या, काही बिघडत नाही. एक शर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. पावसाळ्याच्या आधी ब्रेकचे रबर बदलून घ्या आणि पावसात भिजून आलात की चेन फडक्याने पुसून दोन थेंब तेल सोडा, नाहीतर पंधरा दिवसांत करकर सुरू होते.